ताई, बाळाला घेऊन पिक्चरला गेलं तर चालेल का?

२०१६ च्या मे महिन्यातली गोष्ट. तलासरी तालुक्यातल्या एका वस्तीत लसीकरणाचा दिवस होता. अंगणवाडीच्या ओट्यावर सात-आठ आया बाळं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यातल्या एकीच्या बाळाला दहा आठवड्यांचे डोस देऊन झाले, अर्धा तास थांबूनही झालं, तरी ती उठेना. बाकीच्या गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, बाळाला घेऊन सैराटला गेलं तर चालेल का?"

आम्ही लगेच नाही म्हटलं. एवढंसं बाळ, उन्हाळ्याचे दिवस, गर्दी, आवाज. नर्सच्या तोंडात 'नाही' कायम तयार असतं. 'हो' म्हटलं की पुढचं सगळं समजावून सांगावं लागतं, आणि लसीकरणाच्या दिवशी तेवढा वेळ नसतो. तिनं मान डोलावली आणि दोन दिवसांनी ती गेलीच.

महिन्याभरानं पुढच्या डोसला आली तेव्हा तिनंच सगळं सांगितलं. पाच घरांनी मिळून ईको गाडी केली होती. तिकिटं आधीच काढलेली. पिक्चर चालू होऊन बराच वेळ बाळ अंगावर पीत होतं, झोपत होतं. मग 'झिंगाट' लागलं. ते गाणं लागलं की तेव्हा थिएटरात काय व्हायचं ते आपण सगळ्यांनी बघितलं आहे. माणसं खुर्च्या सोडून पडद्यापुढं नाचायची, शिट्ट्या, आरोळ्या. बाळ एकदम ताठ झालं, दोन्ही हात फेकले आणि जे रडायला लागलं ते थांबेना. शेजारच्यांनी वळून बघितलं. ती उठून बाहेर गेली. बाळ शांत झालं, झोपलंही, पण परत आत जायची तिची हिंमत झाली नाही. उरलेला सगळा वेळ ती जिन्याच्या पायरीवर बसून होती. नवरा आत.

पिक्चर सुटला तेव्हा नवरा सुजल्या डोळ्यांनी बाहेर आला. तिनं विचारलं, शेवटी काय झालं? त्याला सांगता येईना. त्यानं तिच्याकडून बाळ घेतलं आणि घर येईपर्यंत गाडीत कुणाकडं दिलं नाही. ज्यांनी तो शेवट पाहिला आहे त्यांना कळेल, मांडीएवढं लेकरू घरी असलेल्या बापाला काय झालं असेल ते.

हे ऐकून आम्हाला स्वतःचाच राग आला. ती जाणारच होती. आम्ही 'नाही' म्हणण्याऐवजी 'कसं जायचं' हे पाच मिनिटं सांगितलं असतं तर बाळाच्या कानावर तो मारा झाला नसता आणि ती पायरीवर बसली नसती. तेव्हापासून हा प्रश्न कुणी विचारला की आम्ही बसून उत्तर देतो. आज तेच या पानावर लिहीत आहोत.

आधी आईचं बोलू. आरोग्याच्या पानावर पिक्चरची गोष्ट कशाला, असं कुणाला वाटेल. पण त्या मुलीचा हिशोब बघा. बाळंत होऊन घरी आल्यापासून ती दोन वेळा घराबाहेर पडली होती. दोन्ही वेळा बाळाला सुई द्यायला. नवरा फुग्याच्या कारखान्यात, पाळी बदलती. घर दहा बाय बाराचं, त्यात सासू-सासरे आणि दीर. बारशाला सगळे येऊन गेले, त्यानंतर कुणी फिरकलं नाही. रात्री तीनदा उठायचं, दिवसा घरकाम, अंगात रक्त कमी. अशा बाईला दोन-तीन तास आपण आई आहोत हे विसरून हसावं-रडावंसं वाटलं तर त्यात चूक काय? आणि तिला ते मागताना लाज वाटली, सगळ्या उठून जाईपर्यंत ती थांबली, हे आम्हाला आजही टोचतं.

बाळंतिणीला विश्रांती मिळाली पाहिजे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूनं भाषण केलं. १९२९ ला तो कायदा झाला. कायदा कारखान्यातल्या कामगार बायांसाठी होता. घरातल्या बाळंतिणीच्या विश्रांतीचा कायदा कुणी केलेला नाही, तो घरातच करावा लागतो. आणि विश्रांती म्हणजे फक्त खाटेवर पडणं, असा अर्थ आम्ही तरी घेत नाही. डोक्यालाही विश्रांती लागते.

इथं एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो. बाळंतपणानंतर पहिले दहा-पंधरा दिवस उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप जातं. पण दोन आठवडे उलटूनही रडणं थांबत नसेल, बाळाला हात लावावासा वाटत नसेल, झोप असूनही झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ते आजारपण आहे. त्यावर पिक्चर हे औषध नाही. आशाताईंना सांगा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. "नाटकं करते" असं म्हणणाऱ्या घरच्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

आता बाळाकडं येऊ. बाळाला पिक्चरमध्ये सगळ्यात जास्त धोका कशाचा, असं विचारलं तर आया सांगतात नजर लागण्याचा, अंधाराचा, एसीच्या गारव्याचा. आमच्या मते पहिला धोका आवाजाचा.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आपण घरात बोलतो तो साधारण ६०. कारखान्यातल्या मोठ्या माणसासाठी ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही मर्यादा धरतात. मग प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. थिएटरात मारामारी, स्फोट, ढोल-ताशा असला की आवाज १०० पर्यंत, कधी त्याच्या पुढं जातो. हे झालं मोठ्या माणसाचं. बाळाची कानाची नळी आखूड आणि अरुंद असते, त्यामुळं तोच आवाज त्याच्या पडद्यावर जास्त जोरानं आदळतो. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध नाही, ऑपरेशन नाही.

"पण आमचं तर झोपलं होतं की!" हे आम्ही शंभरदा ऐकलं असेल. बाळ झोपलं तरी कान झोपत नाही. आवाज आत जातच असतो. रडणारं बाळ निदान सांगतं तरी.

कानात कापूस घालून नेतात पुष्कळ जणी, काही तेलात बुडवून. कापसानं आवाज फारसा अडत नाही, आणि बोळा आत सरकला तर तो काढायला डॉक्टर गाठावा लागतो. मोठ्या माणसांचे स्पंजचे बोळे बाळाला घालू नका, तोंडात गेले तर घशात अडकतात. डोक्यावरून बसणारे, बाहेरून दोन्ही कान झाकणारे बाळांचे कानझाकणे ऑनलाईन मिळतात, ते खरंच उपयोगी आहेत, पण महाग. वस्तीत तीन-चार घरांनी मिळून एक घेतला तर परवडतो, कारण वर्षात दोनदा लागला तरी पुष्कळ. तोही आवाज कमी करतो, बंद करत नाही. हा झाला की डीजेसमोर नेलं तरी चालतं असं समजू नका.

डीजेचं निघालंच आहे तर बोलून टाकतो. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीला लागून, तान्हं कडेवर घेऊन नाचणाऱ्या आया-बाप आम्ही दरवर्षी बघतो. आपल्याच माणसांना आनंदाच्या दिवशी टोकणं अवघड जातं, काही जण तोंड फिरवतात. तरीही जाऊन सांगतो की बाळाला घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावर थांबा. मिरवणूक तिथूनही दिसते.

आवाज किती आहे हे ओळखायची सोपी खूण आहे. हाताच्या अंतरावरच्या माणसाला ओरडून सांगावं लागत असेल तर आवाज ८५ च्या आसपास किंवा वर आहे. तिथं बाळ नको. मोबाईलवर आवाज मोजणारं ॲपही मिळतं, अगदी बरोबर नसलं तरी अंदाज येतो.

म्हणून पिक्चर निवडताना हीरो कोण यापेक्षा आवाज कसा ते बघा. घरगुती, बोलण्यावर चाललेला, विनोदी पिक्चर बरा. पहिल्या आठवड्यातली झुंबड टाळा. ४ डिसेंबर २०२४ ला हैदराबादेत 'पुष्पा २' च्या पहिल्या खेळाच्या रात्री थिएटरपाशी चेंगराचेंगरी झाली. त्यात एक आई गेली आणि तिचा शाळकरी मुलगा मरणाच्या दारात पोचला. तिसऱ्या आठवड्यातल्या दुपारच्या खेळाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, तिकीटही कधी स्वस्त असतं, आणि बाळ रडलं तर वळून बघायला फार कुणी नसतं. इंग्लंड, ऑस्ट्रेलियात काही थिएटरं तान्ह्या बाळांच्या आईबापांसाठी दिवसाचा वेगळा खेळ ठेवतात. आवाज कमी, दिवे मंद पण चालू, कुणाचंही बाळ रडलं तरी कुणी नाक मुरडत नाही. आपल्याकडं ती सोय होईल तेव्हा होईल, तोवर तिसऱ्या आठवड्यातली दुपार हीच आपली सोय.

बसायला मागून तिसरी-चौथी रांग घ्या, मधल्या वाटेला लागून. पडद्याजवळ मोठे भोंगे असतात. अगदी शेवटची रांग आणि भिंतीकडची खुर्चीही नको, कारण बाजूच्या आणि मागच्या भिंतीवरही भोंगे लावलेले असतात. बाळाचं तोंड पडद्याकडं नको, तुमच्या छातीकडं असू द्या. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला कुठलाच पडदा दाखवू नये, असं बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटनाही सांगते. घरातला मोबाईलही त्यात आला, हे आम्ही मुद्दाम जोडतो.

किती दिवसांचं बाळ न्यावं? सव्वा महिना बाहेर काढू नये ही आपल्या आज्ज्यांची रीत. विटाळ-बिटाळ आम्ही मानत नाही, पण त्या रीतीतला सव्वा महिना मात्र कामाचा आहे. आशाताईंची नवजात बाळासाठीची शेवटची घरभेट ४२ व्या दिवशी असते आणि सहा आठवड्यांचे पहिले डोसही तेव्हाच येतात. त्याआधी थिएटर अजिबात नको. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, अंग गार पडलं, दूध ओढेना, किंवा श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, छाती आत ओढली जाऊ लागली, तर ते थांबण्यासारखं दुखणं नसतं, तडक दवाखाना. असल्या बाळाला बंद हॉलमध्ये कुणाचा तरी खोकला आणून द्यायचा कशाला? आमचं सांगणं असतं की चौदा आठवड्यांचे डोस होऊ द्या, मग बघा. डांग्या खोकला, घटसर्प यांपासून तोवर बऱ्यापैकी संरक्षण मिळालेलं असतं. गोवरची लस मात्र नऊ महिन्यांनी असते. २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला होता, ते आठवत असेल. गोवराचा विषाणू माणूस उठून गेल्यावरही बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो. म्हणून आजूबाजूला गोवराची साथ असेल तर नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला थिएटर नाही. इथं आमचं 'नाही' अजूनही पहिल्यासारखंच कडक आहे.

अडीच किलोच्या खाली जन्मलेलं किंवा वजन न वाढणारं बाळ असेल तर आधी अंगणवाडीत वजनाचा तक्ता बघा. पालघर जिल्ह्यात कमी वजनाची बाळं किती जपावी लागतात हे वेगळं सांगायला नको.

जाण्या-येण्याचं काय? मुंबईतल्या माणसाला पिक्चर म्हणजे तीन तास. आपल्याला तसं नाही. डहाणूला २०१३ पासून लोकल आली खरी, पण विरारच्या मोठ्या थिएटरला जायचं तर दीड तास जायला, दीड तास यायला. तलासरीला तर रेल्वेच नाही, हायवेनं वापी गाठायची. आधी टमटम, मग एसटी किंवा ईको. 'सैराट' १७४ मिनिटांचा होता. म्हणजे घरातून निघून घरी येईपर्यंत सहा-सात तास. तेवढ्यात बाळ तीनदा पिणार, चार-पाचदा दुपटी बदलावी लागणार. टाके असतील तर आईला सलग तीन तास बसवत नाही, रस्त्यातले खड्डे वेगळे. मध्यंतराला उठा, चाला, पाणी प्या. एसीत बाळाला आपल्यापेक्षा एक कपडा जास्त, आणि बाहेर आलात की तो लगेच काढा. उन्हातून आणलेलं बाळ घाम पुसल्याशिवाय गारव्यात नेऊ नका.

वारली शेजारणी बाळ झोळीत बांधून लावणीला जातात, बाजाराला जातात, हाटात दिवसभर बसतात. त्यांना कुणी विचारत नाही की चालेल का. बाळ घेऊन बाहेर पडणं या भागात नवं नाही. करमणुकीसाठी बाहेर पडणं तेवढं नवं वाटतं.

अंगावर पाजणाऱ्या आईला थिएटर एका बाबतीत एसटीपेक्षा बरं, अंधार असतो आणि समोर बघणारे सगळे पडद्याकडं बघत असतात. ओढणी घ्या आणि निवांत पाजा. वरचं खाणारं, म्हणजे सहा महिन्यांच्या पुढचं बाळ असेल तर त्याचा खाऊ, उकळून गार केलेलं पाणी सोबत न्या. दारावरचा माणूस पिशवी उघडून "बाहेरचं खाणं चालत नाही" म्हणतो. त्याला शांतपणे सांगा की ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं याच गोष्टीवर निकाल दिला आहे. थिएटरवाल्याला बाहेरचं खाणं अडवता येतं, पण लहान बाळासोबत त्याच्यापुरतं खाणं न्यायला आईबापांना मुभा आहे, आणि पिण्याचं स्वच्छ पाणी थिएटरनं सगळ्यांना फुकट द्यायचं आहे. आमच्यातल्या एकीनं हे दारावर सांगितलं तेव्हा तो माणूस आत जाऊन मॅनेजरला विचारून आला आणि नाचणीचा डबा गेला आत. तारीख पाठ करून ठेवा, तारीख सांगितली की समोरचा जरा सरळ होतो.

बाळाला आजीकडं ठेवून जायचं तर दूध काढून ठेवता येतं. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत काढा, झाकून घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवा. चार तासांच्या आत ते संपवायचं, आपल्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं पाजायचं, बाटली नको. सहा-सात तासांच्या विरार-वापीच्या फेरीला हे पुरत नाही, जवळपास कुठं पिक्चर असेल तरच.

आता बापाचं. त्या मुलीच्या गोष्टीत बाळाच्या कानाइतकीच आम्हाला टोचली ती पायरी. बाळ रडलं की उठणार कोण, हे न बोलता ठरलेलं असतं. दोघांचं तिकीट सारखंच, पण एकाचा पिक्चर पुरा होतो आणि दुसरीचा कधीच होत नाही. आता आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत नवीन आईबाप आले की आम्ही घरूनच वाटणी करून जायला सांगतो. मध्यंतरापर्यंत बाप उठणार, नंतर आई. पाजायचं काम आईचं, ते सोडून सगळं वाटून घेता येतं. दुपटं बदलणं, फिरवणं, ढेकर काढणं याला दूध लागत नाही. पुरुष हसतात. एक जण म्हणाला, "ताई, मग मी काय बायकोचा ड्रायव्हर झालो का?" त्याची आई मागं बसली होती, तीच म्हणाली, "हो. झालास तर काय बिघडलं?"

गेल्या वर्षी ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यात डहाणूच्या एका वस्तीत विहाराच्या अंगणात पडदा लावायचं ठरलं. पिक्चर होता जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', २००० सालचा, ज्यात मामुट्टी बाबासाहेब झाले आहेत. प्रोजेक्टर भाड्याचा, पडदा म्हणजे दोन पांढऱ्या चादरी शिवून जोडलेल्या. पोरांनी दुपारीच भोंगे आणून पडद्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर मांडले. सतरंज्या पसरल्या, आणि नेहमीप्रमाणं पुढच्या दोन सतरंज्या महिला आणि लहान मुलांसाठी. आम्ही बघतच राहिलो. इतकी वर्षं आपण प्रत्येक कार्यक्रमात हेच करत आलो. मानाची जागा म्हणून आया-बाळांना पुढं बसवतो आणि ती जागा नेमकी भोंग्याच्या तोंडाशी असते.

पोरांशी थोडी वादावादी झाली. मग भोंगे बांबूवर उंच चढवले, तोंड जरा वरच्या बाजूला. बाळं असलेल्या आयांची सतरंजी मागं, पिंपळाच्या बाजूला. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबल उतरतो, तेवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. मागून दिसणार नाही म्हणून पडदा हातभर वर घेतला. रात्री दहानंतर भोंगा बंद, हा नियम सगळ्यांना माहीत आहे. सणा-जयंतीला सरकार कधी बारापर्यंत सवलत देतं. सवलत वेळेची असते, आवाजाची नसते, हे मात्र कुणाला माहीत नसतं. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० च्या नियमांत लिहिलेली आहे. आम्हीही अगदी ५५ वर आणू शकलो नाही, पण शेजारणीशी न ओरडता बोलता येईल इतका आवाज ठेवला. पिक्चर सुमारे तीन तासांचा, म्हणून दोन रात्री अर्धा-अर्धा लावला. साडेसातला चालू, नऊला बंद. बाळांना छत्रीसारख्या उघडणाऱ्या मच्छरदाण्या, कारण पावसाळा नुकताच सरलेला आणि डेंग्यूचे डास अजून होतेच. कुणीतरी मच्छर अगरबत्ती लावली होती, ती बाळांच्या सतरंजीपासून लांब नेऊन ठेवली. आशाताई वहीसह येऊन बसल्या आणि मध्यंतरात त्यांनी कान तपासायच्या खुणा सांगितल्या. जन्मापासून मोठ्या आवाजाला बाळ दचकतं का? तीन महिन्यांचं असताना आईचा आवाज ऐकून शांत होतं का? सहा महिन्यांचं आवाजाकडं मान वळवतं का? वर्षाचं नावाला ओ देतं का? यातलं एकही होत नसेल तर वाट बघत बसू नका. डहाणू किंवा कासा इथलं उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर तलासरीचं ग्रामीण रुग्णालय गाठा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे असं सांगा. कान लवकर तपासला तर बोलणं वाचवता येतं.

दुसऱ्या रात्री ती तलासरीची मुलगी आली. तिचं माहेर त्या वस्तीतलं, हे आम्हाला तेव्हाच कळलं. पहिला मुलगा आता शाळेत जातो, तो पुढच्या सतरंजीवर पोरांत जाऊन बसला. मांडीवर दुसरी मुलगी, सहा महिन्यांची. आम्हाला बघून हसली आणि म्हणाली, "ताई, आज विचारलं नाही तुम्हाला."

अर्ध्या तासानं छोटी किरकिरायला लागली. तिनं पदर सावरला, उठायला हात टेकला, तेवढ्यात नवऱ्यानं बाळ उचललं आणि तो अंगणाबाहेर रस्त्यावर गेला. बराच वेळ तो दिव्याच्या खांबाखाली येरझाऱ्या घालत होता, खांद्यावर बाळ, एका हातानं पाठ थोपटत. ती पडद्याकडं बघत होती. एकदा तो दारातून डोकावला, झोपलं, अशी खूण केली, आणि भुवयांनीच विचारलं, येऊ का आत? तिनं पडद्यावरची नजर न काढता हात हलवला, थांब, अजून थोडं आहे.